दुकान भाड्याचं, कंपनी काकांची, डिमांड इन्कम टॅक्सची, तिन्ही कागद एकाच पंधरवड्यात आलेत, आधी कुठं पळू?

मोंढ्यातला_पोरगा (जालना)

नमस्कार मंडळी. घरात तीन कागद आलेत आणि तिन्ही आईच्या उशाशी आहेत, ती रोज सकाळी पदरानं चष्मा पुसून परत वाचायलीय, कळत तर काहीच नाही आणि मलाही अर्धंच कळतंय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आजोबांनी 1971 ला जुन्या मोंढ्यात (धान्यबाजारात) दुकान भाड्यानं घेऊन आडतीची, म्हणजे शेतमालाच्या दलालीची, पेढी टाकली. पावत्या फर्मच्या नावानं. सगळ्यात जुनी पावती माझ्याकडं आहे, तिच्यावर "ता. जालना जि. औरंगाबाद" छापलंय म्हणजे जालना जिल्हा व्हायच्या आधीची. भाडं आज 850 रुपये महिना, हसू नका, शेजारचा तेवढाच गाळा मागच्या वर्षी 22 हजारानं गेला. आजोबांनंतर फर्ममधे पप्पा, काका अन चुलतभाऊ. 2015 ला काकांनी एमआयडीसीत डाळ मिल टाकली, तिच्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड काढली आणि रजिस्टर्ड ऑफिस म्हणून मोंढ्यातल्या दुकानाचाच पत्ता दिला. कंपनीचं भांडवल 60 लाख, त्यात पप्पांचे 21 लाखाचे शेअर म्हणजे 35 टक्के. बाकीचे काका आणि चुलतभाऊ. पप्पा 2023 ला गेले.

आता कागद.

पहिला इन्कम टॅक्सचा. फर्मच्या नावानं, 2017-18 सालचा हिशोब उघडला होता म्हणे, बँकेत जमा झालेले 1 कोटी 10 लाख "खुलासा न झालेले" धरले आणि टॅक्स, व्याज मिळून दीड कोटीच्या वर डिमांड. नोटिसा सगळ्या मेलवर गेल्या, मेल जुन्या टॅक्सवाल्याचा, त्यानं काम सोडून तीन वर्षं झाली, त्यानं उघडल्या नाहीत अन आम्हाला पत्ता नाही. आदेश 24 मार्चचा आहे.

दुसरा दुकानमालकाच्या वकिलाचा, 20 मार्चला हातात पडला. तुम्ही दुकान परस्पर कंपनीला दिलं म्हणजे पोटभाडेकरू घातला, शिवाय 14 महिन्याचं भाडं थकलंय, शिवाय आमच्या नातवाला मेडिकल टाकायचंय, खाली करा. भाडं थकलं नाही हो, त्यांचा मुलगा घेतच नव्हता, दोनदा मी स्वतः जाऊन परत आलो.

तिसरा कंपनीचा. पप्पांच्या नावानं! गेलेल्या माणसाला मीटिंगची नोटीस. 25 एप्रिलला सभा, भांडवलाची मर्यादा वाढवायची आणि 50 लाखाचे नवे शेअर चुलतभावाला द्यायचे. आईनं वारस म्हणून शेअर नावावर करा असा अर्ज 12 फेब्रुवारीला दिलाय, रजिस्टर पोस्टानं, पोचपावती आहे, उत्तर नाही.

चुलतभाऊ म्हणतो टॅक्सचं मी बघतो, त्याच्या सीएनं अपिलाचा मसुदा पण पाठवला. त्यात लिहिलंय "फर्मचा व्यवसाय 2018 ला बंद होऊन दुकान व कारभार कंपनीकडे गेला, त्यामुळे कागद उपलब्ध नाहीत". आईची सही मागायलेत. करू का?

---

पाटील_बदनापूर

भाऊ कशाला घाबरतोस, 50 वर्षं झाली ताब्यात, 12 वर्षाच्या वर झालं की जागा आपली होते. मालकाला म्हणा जा कोर्टात. जालना सोने का पालना म्हणतात ते उगीच नाही, पाळण्यातून कोणी उठवत नसतं.

---

काळा_कोट_नांदेड

पाटील, तुमचा हा 12 वर्षाचा कायदा दर महिन्याला एकतरी पक्षकार माझ्या टेबलावर आणून ठेवतो. भाडेकरू म्हणून आत गेलेला माणूस 12 काय 70 वर्षं राहिला तरी भाडेकरूच. मालकाची जागा म्हणून कबूल करूनच तो आत गेलाय ना. मेहरबानी करून लेखी उत्तरात असलं काही लिहू नका, मालकी नाकारली असं त्यात दिसलं तर समोरचा वकील पेढे वाटील.

मोंढ्यातल्या पोरा, आईची सही त्या मसुद्यावर अजिबात नको. का ते सांगतो, आधी एक विचारतो, फर्मचं बाजार समितीचं लायसन चालू आहे का? आणि भाडं कोण भरत होतं, फर्म का कंपनी?

---

मोंढ्यातला_पोरगा

लायसन फर्मच्याच नावानं, दरवर्षी रिन्यू. आडत थोडी कमी झाली पण चालूच आहे, पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पावत्या) फर्मच्या छापलेल्या आहेत, मुनीम पण जुनाच, दुपारी गादीवर तोंडावर रुमाल टाकून झोपतो तो. भाडं मात्र 2019 पासून कंपनीच्या खात्यातून गेलं, काका म्हणाले खर्चात पडतं.

---

काळा_कोट_नांदेड

हां, इथंच गोम आहे.

मालकाला पोटभाडेकरू सिद्ध करायचा तर दाखवावं लागतं की मूळ भाडेकरूनं ताबा सोडला आणि तिसऱ्याच माणसाला बसवलं. फर्म चालू असेल, लायसन फर्मचं, गादीवर फर्मचा मुनीम, तर ताबा सोडला कसा म्हणणार. कंपनीची पाटी बाहेर लागली एवढ्यानं होत नाही. पण तुमच्याच घरातून "2018 ला फर्म बंद, दुकान कंपनीकडे" असं सही करून गेलं की मालकाला साक्षीदाराची गरजच काय, त्याचं काम तुम्ही फुकटात केलं. टॅक्सची फाईल गुपित असते असं समजू नका. कोर्टात उलटतपासणीत विचारलं की अपिलात काय लिहिलं, तर तुम्ही काय खोटं बोलणार? आणि मुख्य म्हणजे ते खरंच नाही, लायसन चालू असताना बंद कसं म्हणता.

फर्म आणि कंपनी यावर सुप्रीम कोर्टाचे 1986 चेच दोन निकाल आहेत, दोन टोकांचे. मद्रास बंगलोर ट्रान्सपोर्टच्या केसमधे भाडेकरू फर्म होती, त्याच लोकांनी कंपनी काढली, दोन्ही एकाच जागेत, कोर्टानं पाहिलं की माणसं तीच, कारभार तोच, फर्म हललेली नाही, मग पोटभाडं नाही. जनरल रेडिओच्या केसमधे उलटं, भाडेकरू कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, पहिली शिल्लकच राहिली नाही, तिथं कोर्टाच्या हुकमानं विलीन झाली असली तरी भाडेपट्टा दुसऱ्याला दिला असंच धरलं. तुम्ही पहिल्या केसच्या जवळ बसता, पण फर्म जिवंत असली तरच. तो मसुदा तुम्हाला उचलून दुसऱ्या केसमधे नेऊन टाकायलाय.

आता थकबाकी. तुमच्याकडं जुना हैदराबादचा 1954 चा भाडे कायदा होता, तो 31 मार्च 2000 पासून गेला, आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999. त्याच्या कलम 15 प्रमाणे नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस थांबल्याशिवाय थकबाकीचा दावाच लावता येत नाही. 20 मार्चपासून मोजा, 18 जूनपर्यंत वेळ आहे. पण वाट बघू नका, उद्याच 14 महिन्याचं मनिऑर्डर करा, फर्मच्या खात्यातून, फर्मच्या नावानं, आणि परत आली तर ती "घेण्यास नकार" शेरा मारलेली मनिऑर्डर फाईलला लावा, तिच्यासारखा पुरावा नाही. दावा लागलाच तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसात सगळी थकबाकी 15 टक्के व्याज अन दाव्याच्या खर्चासकट कोर्टात भरली तर थकबाकीच्या मुद्द्यावर काढता येत नाही. 11 हजार 900 रुपड्यांसाठी दुकान घालवू नका.

कंपनीच्या खात्यातून भाडं गेलं त्याचं उत्तर एकच, फर्मच्या वतीनं दिलं. तशी नोंद फर्मच्या खतावणीत आहे का बघा. नसेल तर आता मागच्या तारखेच्या करू नका, सांगून ठेवतो, वही कोर्टात गेली की शाई बोलते.

---

घरमालकाचा_नातू (अंबाजोगाई)

सगळे भाडेकरूलाच सल्ले देतात म्हणून लिहितो. आमच्याही आजोबांनी एक गाळा असाच दिलाय, भाडं 300 रुपये, नगरपरिषदेची घरपट्टी भाड्यापेक्षा जास्त, पत्रा गळला तर फोन आम्हालाच. कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढ लिहिलीय ती 300 वर किती होते तुम्हीच सांगा, 12 रुपये. तर मालकाचा नातू मेडिकल टाकतो म्हणत असेल तर ते नाटकच असेल असं समजू नका.

---

काळा_कोट_नांदेड

नातूसाहेब बरोबर बोलले, त्यांचं दुःख खरं आहे. आणि पोरा, तुझ्या केसमधे मला भीती पोटभाड्यापेक्षा याच मुद्द्याची जास्त वाटते. कलम 16 मधे मालकाची खरी आणि वाजवी गरज हे कारण आहे, त्यासाठी तुमची काहीही चूक असावी लागत नाही. गरज सिद्ध झाली की मग कोर्ट बघतं जास्त त्रास कुणाला, मालकाला नाही मिळालं तर का भाडेकरूला सोडावं लागलं तर. नातू फार्मसी शिकलाय का, मालकाचे दुसरे गाळे रिकामे आहेत का, आणि तुम्ही दुसरी जागा शोधली होती का, हे सगळं निघतं. मागच्या वर्षी गेलेला 22 हजारवाला गाळा कुणाचा होता?

---

मोंढ्यातला_पोरगा

अरे! तो त्यांचाच आहे. मोबाईलवाल्याला दिला.

---

काळा_कोट_नांदेड

मग तो भाडेकरार नोंदणी ऑफिसातून काढून घे. कलम 55 नुसार भाडेकरार नोंदवायची जबाबदारी मालकावर असते, म्हणजे नोंदवलेला असायला पाहिजे. मेडिकल टाकायचं होतं तर वर्षापूर्वी बाजूचाच गाळा मोबाईलवाल्याला का दिला, हा एक प्रश्न उलटतपासात अर्धा तास पुरतो.

---

टॅलीवाला_परभणी

टॅक्सचं मी सांगतो, आमचं आयुष्य आडत्यांच्या वह्यात गेलं.

पहिलं, तारीख. आदेश 24 मार्चचा, पोर्टलवर त्याच दिवशी चढला असेल तर 30 दिवस म्हणजे 23 एप्रिलच्या आत पहिलं अपील ऑनलाइन गेलंच पाहिजे, फॉर्म 35, फी हजार रुपये. 1 एप्रिलपासून नवा इन्कम टॅक्स कायदा लागू झाला म्हणून गोंधळू नका, जुन्या वर्षाची भानगड 1961 च्या कायद्यानंच चालते. आणि आज रात्री जेवायच्या आधी पोर्टलवरचा मेल आणि मोबाईल बदला. कितीतरी आदेश निव्वळ या कारणानं एकतर्फी झालेत, मेल कुणाच्या तरी जुन्या मुनिमाचा नाहीतर सोडून गेलेल्या सल्लागाराचा.

दुसरं, एकतर्फी आदेशाचा एक फायदा आहे. ऑक्टोबर 2024 पासून अपिलात बसलेल्या कमिशनरला असा कलम 144 चा आदेश रद्द करून केस परत खालच्या अधिकाऱ्याकडं पाठवायचा अधिकार मिळालाय. तुम्ही कागद घेऊन गेलात तर सुरुवातीपासून ऐकून घेतलं जाऊ शकतं. म्हणजे "कागद उपलब्ध नाहीत" हे वाक्य टॅक्सच्या बाजूनं पण सगळ्यात वाईट वाक्य आहे! कागद नाहीत तर परत पाठवून काय उपयोग. तो मसुदा लिहिणाऱ्यानं आडतीचं दुकान आतून पाहिलेलंच नाही.

तिसरं म्हणजे मुद्द्याचं. ते 1 कोटी 10 लाख तुमचे नाहीतच. तुम्ही कच्चे आडते का पक्के? शेतकऱ्याचा माल तुमच्या गादीपुढं उतरला, सौदा खरेदीदाराशी झाला, पैसा तुमच्या खात्यात आला, त्यातून हमाली, तोलाई, आडत कापून बाकी शेतकऱ्याला दिली, तर तुम्ही कच्चे आडते, तुमचं उत्पन्न फक्त आडत. प्रत्यक्ष कर बोर्डाचं 17 मार्च 1986 चं परिपत्रक क्रमांक 452 याच्यावरच आहे, ऑडिटसाठी कच्च्या आडत्याची उलाढाल म्हणजे फक्त त्याचं कमिशन, पक्क्या आडत्याला मात्र पूर्ण विक्री धरतात कारण तो स्वतःच्या जबाबदारीवर माल घेतो. शेतकऱ्याला रोख दिले म्हणून घाबरू नका, शेतमालाचे पैसे शेतकऱ्याला रोख द्यायला नियम 6डीडी मधे सूट आहे.

हे सगळं सिद्ध करायचं एकाच कागदानं, हिशोबपट्टी. 2017-18 च्या पट्ट्यांचे गठ्ठे शोधा. शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजन, भाव, कपात, हातात दिलेली रक्कम, सगळं तिच्यावर असतं. आमच्याकडं एका पार्टीच्या पट्ट्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, पण बाजार समितीकडं रोजच्या आवकेची नोंद निघाली, खरेदीदाराच्या वहीत दुसरी बाजू निघाली, जुळवत जुळवत 80-85 टक्के जुळलं. दोन महिने पोरं जमिनीवर बसून जुळवत होती, चहाचं बिल फीपेक्षा जास्त झालं असेल.

चौथं, वसुली. नुसतं अपील केल्यानं वसुली थांबत नाही. स्टेचा, म्हणजे वसुली थांबवायचा, अर्ज वेगळा द्यावा लागतो, बोर्डाच्या जुलै 2017 च्या सूचनेप्रमाणे साधारण 20 टक्के भरा म्हणतात, तुमच्या बाबतीत 30 लाखाच्या वर जाईल. पण 20 टक्के म्हणजे दगडावरची रेघ नाही, सुप्रीम कोर्टानं 2018 ला एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात सांगितलंय की अधिकारी कमी रकमेवर पण स्टे देऊ शकतो. अर्जात पट्ट्यांचे नमुने जोडा, नाहीतर खातं गोठवल्यावर धावत याल.

आईचा काय संबंध म्हणाल तर आहे. फर्मच्या टॅक्सला त्या वर्षीचे सगळे भागीदार एकत्र आणि एकेकटे जबाबदार, भागीदार वारला तर त्याचे वारस, पप्पांच्या मागं जे काही राहिलं तेवढ्यापुरते. म्हणजे चुलतभाऊ "मी बघतो" म्हणाला तरी बघायचं तुम्हाला पण आहे. दर टक्का विचारू नका, असल्या रकमेला 60 टक्के टॅक्स, वर सरचार्ज, सेस, 77 च्या पुढं जातं.

---

आत्या_सेलूची

पोरा, मी वकील नाही की सीए नाही. माहेरच्या जिनिंगमधे माझे शेअर होते आणि सख्ख्या भावाशी सात वर्षं लढले, आता राखीला जाते, पण ते वेगळं. कंपनीच्या कागदाचं मला विचार.

तुझे काका 50 लाखाचे शेअर का वाटायलेत ते मांडून बघ. भांडवल 60 लाखाचं 1 कोटी 10 लाख होतं. आईचे 21 लाख तेवढेच राहतात, म्हणजे 35 टक्क्याचे 19. हे एक. पण नुसत्या एकालाच नवे शेअर द्यायचे तर स्पेशल रिझोल्यूशन लागतं, बाजूनं मतं विरोधाच्या तिप्पट. 35 टक्केवाली बाई सभेत नाही म्हणाली तर ते पासच होत नाही! म्हणून तर अर्जाला उत्तर नाही. नाव रजिस्टरवर चढलं नाही तोवर तिला मत नाही, उरलेले दोघं म्हणजेच सगळी सभा. चूक म्हणून पप्पांच्या नावानं नोटीस गेली असं मला वाटत नाही, त्यांच्या रजिस्टरवर तो माणूस जिवंत ठेवायचाय अजून 25 तारखेपर्यंत.

तर अर्ज 12 फेब्रुवारीला पोचला असेल आणि कंपनीनं नकार पण कळवला नसेल, तर 60 दिवसात एनसीएलटीकडं (कंपन्यांच्या भांडणाचं कोर्ट) अपील करता येतं, कंपनी कायद्याचं कलम 58. म्हणजे 13 एप्रिल. तुझ्या तिन्ही कागदात सगळ्यात आधी संपणारी तारीख ही आहे आणि तू ती शेवटी लिहिलीस. दुसरा रस्ता जुलूम आणि गैरकारभाराचा, कलम 241, त्याला 10 टक्के भांडवल लागतं ते आहे, आणि नाव चढलेलं नसलं तरी वारसाला तो अर्ज करता येतो, सुप्रीम कोर्टानं 1989 लाच म्हटलंय, मार्गारेट देसोरची केस. त्यातच सभेवर तात्पुरता मनाईहुकूम मागायचा. दिवाणी कोर्टात जाऊ नकोस, आम्ही गेलो होतो, दोन वर्षं गेल्यावर कळलं की असल्या गोष्टीला तिथं दारच बंद आहे.

एक खरं पण ऐक. मिलला खरंच पैशाची नड असेल, बँकेनं सांगितलं असेल भांडवल आणा, तर नुसता टक्का घटला म्हणून कोर्ट जुलूम म्हणत नाही, 1981 च्या नीडल इंडस्ट्रीजच्या निकालात तेच आहे, संचालकांचा फायदा झाला तरी कंपनीची गरज खरी असली तर चालतं. म्हणून काकांना लेखी विचार, पैसा कशाला पाहिजे, आणि पाहिजेच तर सगळ्यांना आपापल्या हिश्श्याप्रमाणे का नाही देत. याचं उत्तर नाही आलं तरी तेही कामाचं. आणि "मिल आमची पण आहे, जागा आमची पण आहे" असलं लिहू नकोस. शेअरवाला कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो, हे 1954 ला बच्चा गझदर बाईंच्या केसमधे ठरलंय, ती पण गंमत म्हणजे टॅक्सचीच केस, चहाच्या कंपनीचा लाभांश शेतीचं उत्पन्न धरा म्हणत होत्या.

मुंबईला जावं लागतं, पहिल्यांदा देवगिरी एक्सप्रेसनं गेले तेव्हा स्लीपरमधे रात्रभर फाईल उशाला घेतली होती. आता बरंच व्हिडिओवर होतं.

---

काळा_कोट_नांदेड

आत्याबाई, दंडवत. आणि तुमच्या त्या भांडवलाच्या 1 कोटी 10 लाखावरून माझ्या डोक्यात आत्ता पेटलं.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 3 मधे लिहिलंय की ज्या प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीचं वसूल भांडवल 1 कोटी किंवा जास्त आहे तिला हा कायदाच लागू नाही. बँका, सरकारी कंपन्या यांच्या रांगेत ती जाते, ऐपतवाला भाडेकरू म्हणून संरक्षण नाही. म्हणजे बघा, आधी त्या मसुद्यात म्हणायचं दुकान कंपनीकडं आहे, मग 25 तारखेला कंपनीचं भांडवल 1 कोटीच्या वर न्यायचं. मालकाला गरज नको, पोटभाडं नको, 90 दिवस नको. मालमत्ता हस्तांतर कायद्याची 15 दिवसाची नोटीस आणि चला बाहेर, वर बाजारभावानं नुकसानभरपाई. काकांच्या हे लक्षात आलंय असं मला वाटत नाही. त्यांना वाटतंय आपण पुतण्याला धक्का मारायलोय, पण गादी त्यांचीच जाणार.

---

टॅलीवाला_परभणी

बापरे. हे माझ्या 22 वर्षात डोक्यात आलं नव्हतं. तिघं तीन वकिलाकडं गेले असते तर कुणालाच दिसलं नसतं.

---

पाटील_बदनापूर

आता काकांना हे सांगायचं का नाही? मी तर सांगितलं नसतं 😄

---

आत्या_सेलूची

सांगायचं. आजच. पण 13 तारखेचं अपील तयार ठेवून सांगायचं. आणि पोरा, एमसीएच्या (सरकारच्या कंपनी खात्याच्या) साइटवर 100 रुपये भरून कंपनीचे सगळे कागद बघता येतात, कुणालाही. 2015 चा आयएनसी-22 फॉर्म काढ. रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता देताना जागामालकाची ना हरकत लावावी लागते. तिथं काय लावलंय ते बघ, आमच्या भावानं तर स्वतःलाच मालक दाखवलं होतं.

---

मोंढ्यातला_पोरगा

मंडळी, आठ दिवस गायब होतो, सांगतो.

आयएनसी-22 निघाला. मी तर देव पाण्यात घालून बसलो होतो की काकांनी स्वतःची सही करून ठेवली नसावी. नाही. मालकाच्या वडिलांचं पत्र आहे, ते 2018 ला गेले. साध्या वहीच्या कागदावर, निळ्या शाईनं, सही थरथरती. त्यांनी लिहिलंय की दुकान 1971 पासून फर्मकडं भाड्यानं आहे, फर्मचेच भागीदार कंपनी काढत आहेत, पत्रव्यवहारासाठी दुकानाचा पत्ता वापरायला माझी हरकत नाही, भाडेकरू फर्मच राहील. शेवटचं वाक्य पप्पांनी सांगून लिहून घेतलं असणार, "राहील" खाली दोन रेघा मारायची सवय त्यांचीच. ते पत्र बघून आई पहिल्यांदा रडली, नोटिसांना रडली नव्हती.

पट्ट्या माळ्यावर सापडल्या. सोयाबीनचे आणि तुरीचे गठ्ठे वेगवेगळे बांधलेले, 2017 चे नोव्हेंबर आणि डिसेंबर पूर्ण, जानेवारीत वाळवी. मुनिमाला विचारलं तर म्हणे जानेवारीची कच्ची रोकडवही घरी आहे, त्यानं नातवाला चित्रं काढायला दिली होती, मागच्या पानांवर हत्ती आहेत पण पुढचे आकडे शाबूत आहेत. टॅलीवाले काका, हत्तीवाली वही चालते का?

अपील मसुदा नव्यानं लिहायला परभणीला दिलाय, "बंद" हा शब्द काढला. मनिऑर्डर केली, परत आली, शेऱ्यासकट.

एनसीएलटीचं 10 तारखेला ऑनलाइन टाकलं आणि त्याच संध्याकाळी काकांकडं गेलो. काकांनी आधी आदळआपट केली, काकूंनी चहा पण विचारला नाही. मी काहीच न बोलता कलम 3 चं पान त्यांच्यापुढं ठेवलं, वर भांडवलाचा हिशोब पेनानं मांडलेला. त्यांनी दोनदा वाचलं, मग चुलतभावाकडं बघितलं, त्याला विचारलं तुझ्या सीएनं हे सांगितलं होतं का, तो गप्प. सभा रद्द केली का म्हणाल तर नाही, पुढं ढकलली, तसा मेल आलाय, पण या वेळी आईच्या नावानं. शेअरचं काय ते अजून बोलत नाहीत आणि मी पण अपील मागं घेतलेलं नाही.

निघताना दारापर्यंत आले. म्हणाले, मालकाच्या नोटिशीचं उत्तर द्यायला वकिलाकडं सोमवारी जायचंय ना, 11 ला तयार राहा, गाडी मी काढतो, आणि दादानं लिहून घेतलेलं ते पत्र प्लास्टिकमधे घालून आण, दुमडू नको.

---

टॅलीवाला_परभणी

हत्तीवाली वही चालते. पानं फाडू नका, हत्तीसकट स्कॅन करा.